चकलीची कात

साप सांभाळायचं काम मी मागून घेतलं नव्हतं. मला पालीची भीती वाटते. घरात झुरळ दिसलं तर मी ओवीला उचलून सोफ्यावर चढते, आणि ओवी माझी दीड वर्षाची, तिला वाटतं आई खेळतेय, ती टाळ्या वाजवते. तरी मंडळाच्या दिवाळी अंकात मी सांगतेय ते सापाचंच. लिहितेय असं म्हणायला नको, अंक काढणाऱ्या मालतीमावशी म्हणाल्या तू फोनमध्ये बोल, मी उतरवून घेते. मी म्हटलं मावशी, माझी दहावी पण सुटली नाही, अंकात सगळे इंजिनियर लिहितात. तर म्हणाल्या, इंजिनियरांचं दरवर्षी वाचतोच की गं.

तर माझं काम असं आहे. इथे ॲरिझोनात, चँडलरमध्ये आपली माणसं इंडियाला गेली की त्यांच्या घरात मागे जे जिवंत राहतं ते मी बघते. कुत्री, मांजरं, ससे, मासे, तुळस. घराची चावी घ्यायची, दार उघडल्या उघडल्या अलार्म बंद करायचा, खायला घालायचं, पाणी बदलायचं, घाण काढायची, एक फोटो काढून पाठवायचा, की झालं. ह्यांचं ग्रीन कार्ड झालं तशी मलाही काम करायची मोकळीक मिळाली, पण इंग्रजी धड येत नाही, मूल लहान, मग करणार काय. जनावरं तरी इंग्रजीत बोलत नाहीत, म्हणून हे धरलं.

लोक एकेक असतात. एका घरी पोपट होता, त्याच्यासमोर रोज संध्याकाळी पाढे म्हणायचे, नाहीतर तो विसरतो म्हणे. सतराचा पाढा मला येत नव्हता, पोपटाला येत होता. मी अडले की तो मान वाकडी करून माझ्याकडे बघायचा, आमचे गुरुजी बघायचे तसा. एका घरचं कुत्रं शाकाहारी होतं, म्हणजे घरातल्या बाईंच्या मते. त्यांच्या सासऱ्यांनी मला जाताना गॅरेजमध्ये बाजूला घेऊन हळूच सांगितलं, रोज एक अंडं घालत जा त्याला, सूनबाईला बोलू नको. मी घालायची. ह्या कामात एकच गोष्ट पक्की धरायची असते, सांगितलं तेवढंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. हे मी सगळ्यांना सांगते आणि मीच मोडलं.

सुनीताकाकूंचा फोन आला तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. काकू म्हणजे आमच्याच सबडिव्हिजनमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, मागच्या वर्षी बेलव्ह्यूहून, पार दुसऱ्या राज्यातून इथे मूव्ह झाल्या. त्यांची आई नागपूरला बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन होतं. काका कामासाठी तैवानला गेलेले. काकू आणि त्यांची मुलगी अन्वी दुसऱ्या दिवशी निघणार होत्या.

"मंजू, तू करशील ना गं? एकच प्राणी आहे. लहानसाच आहे," काकू म्हणाल्या.

मी हो म्हटलं. कुठला प्राणी ते घरी गेल्यावर कळलं.

अन्वीच्या खोलीत काचेची लांब पेटी होती. आत एका बाजूला उबेचा दिवा, दुसरी बाजू गार, खाली नारळाच्या काथ्याचा भुसा, लपायला दोन छोटी घरं, पाण्याचं जड भांडं, कोपऱ्यात शेवाळ भरलेला एक डबा. आणि एका घरातून तोंड बाहेर काढून ती बसली होती. अजगराची जात, पण छोटी, हातभर लांबीपेक्षा थोडी जास्त, मनगटाएवढी जाड, अंगावर चॉकलेटी आणि सोनेरी ठिपके. मी दारापर्यंत मागे आले.

"शी इज अ बॉल पायथन, मावशी. पॉइझन नाहीये. बाइट नाही करत. म्हणजे, मोस्टली नाही," अन्वी म्हणाली. मुलगी चौदा वर्षांची, बारीक, डोळ्यांवर केस. "हर नेम इज चकली."

"वेटोळं घालते ना, म्हणून चकली," काकू दारातूनच म्हणाल्या. त्या आत येतच नाहीत. "मी म्हटलं होतं मांजर घेऊ. पण इथे आल्यावर हिला एक मैत्रीण मिळेना, शाळेतून आली की खोलीत. मग हिच्या बाबांनी आणून दिली ही बया. आता सगळं हिच्याशीच बोलते."

मग अन्वी मला सगळं सांगायला लागली, इंग्रजीत, भरभर, आणि खालून काकू ओरडतायत, अन्वी, पासपोर्ट कुठाय तुझा, अन्वी, बॅग बंद होत नाहीये. ती बोलत होती आणि मी ओके, ओके करत होते. माझं असंच आहे. समोरचा इंग्रजीत बोलायला लागला की माझं लक्ष अर्थाकडे नसतं, मान कधी हलवायची ह्याकडे असतं. उंदराचं कळलं, पाण्याचं कळलं, झाकणाच्या कड्यांचं कळलं. मध्येच तिने स्वतःच्या डोळ्याला बोट लावून काहीतरी लांबलचक सांगितलं, पेटीतल्या शेवाळाच्या डब्याकडे हात केला, आणि मी त्यालाही मान हलवली.

"समजलं ना, मावशी?"

"समजलं."

तिने पेटीच्या काचेवर कपाळ टेकलं आणि काहीतरी पुटपुटली. मग गेली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "ओवीला त्या घरात न्यायचं नाही." ते मीही नेणार नव्हते. ह्यांच्या फॅक्टरीत लागोपाठ काही दिवस शिफ्ट असते आणि मग काही दिवस सुट्टी, तर सुट्टीत ओवी ह्यांच्याजवळ, आणि बाकीच्या दिवशी मालतीमावशींकडे ठेवून मी धावत जायची.

चकलीला आठवड्यातून एकदा उंदीर. उंदीर मेलेला, गोठवलेला, पिशवीतला, काकूंच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये मटारच्या पाकिटांखाली ठेवलेला. तो मायक्रोवेव्हमध्ये नाही घालायचा, फुटतो. पिशवीसकट गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, मऊ आणि कोमट झाला की लांब चिमट्यात धरून तिच्यासमोर हलवायचा, म्हणजे तिला वाटतं जिवंत आहे. मी पहिल्या वेळी नाकाला ओढणी बांधली, हात एवढा थरथरत होता की हलवायची वेगळी गरजच पडली नाही. तिने कधी झडप घातली ते दिसलंच नाही. मी चिमटा टाकून पळाले, थेट ड्राइव्हवेवर. परत आत गेले तर तिने उंदराला विळखा घालून ठेवला होता, आणि मग सावकाश, अगदी सावकाश गिळला. मी दारात उभी राहून बघत होते आणि मनात म्हटलं, चला, जेवली बाई.

मग एक दिवस तिचा रंग उतरलेला दिसला. ठिपके मळकट, सगळं अंग राख फासल्यासारखं. दुसऱ्या दिवशी डोळे बघितले तर दुधात बुडवून काढल्यासारखे, निळसर पांढरे. बुबुळ दिसेना. मला वाटलं मोतीबिंदू झाला, आंधळी झाली पोरगी माझ्या हातात.

ह्यांना फोटो दाखवला. ह्यांनी फोनवर शोधलं.

"कात टाकणार असेल. नाहीतर इन्फेक्शन असेल. दोन्ही लिहिलंय."

"मग यातलं कुठलं?"

"मंजू, मी मशिन दुरुस्त करतो. गारुडी नाही."

कात म्हटल्यावर मला जरा धीर आला. माझं माहेर कराडकडचं, उसाच्या बांधावर कात पडलेली लहानपणी बघितलीय की, अख्खी, पांढरी, प्लास्टिकसारखी. पण टाकताना कुठं बघितलं होतं. आणि मला वाटलं अंगावरची सगळी कातडी काढून टाकायची म्हणजे केवढी ताकद लागत असेल. ओवी झाली तेव्हा सासूबाई इथे आल्या होत्या, मला सारखं खायला घालायच्या, म्हणायच्या बाळंतिणीनं जेवलं नाही तर अंग भरून कसं येणार. तेच डोक्यात बसलेलं. म्हणून उंदराचा वार नव्हता तरी मी तो गरम करून नेला.

तिने घेतला नाही. मी तिच्या तोंडाशी नेला, हलवला, "खा गं, थोडं खा," असंसुद्धा म्हटलं. ती मागे मागे सरकत कोपऱ्यात गेली. दुसऱ्या दिवशी परत नेला. तेव्हा तिने फुस्स केलं आणि झडप घातली, पण दिसत नव्हतं ना तिला, उंदीर चुकला आणि नाक काचेवर आपटलं. केवढा आवाज झाला. मग तिने स्वतःचाच गोळा केला, तोंड मध्ये लपवून, आणि हललीच नाही. मला खूप वाईट वाटलं. भीती होतीच, पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की तीही मला घाबरते.

काकूंना फोन केला. नागपूरला संध्याकाळ होती. आजींना घरी आणलं होतं पण त्या काही खात नव्हत्या, काकू दिवसभर घास घेऊन मागे लागलेल्या, आवाज अगदी दमलेला.

"मंजू, खरं सांगू का, मेली तर मेली गं. मी रडणार नाही. पण अन्वीला आत्ता काही बोलू नकोस. ती आजीचा हात धरून बसून असते दिवसभर. तिला हे सहन नाही होणार."

आता मी काय करायचं. पोरीचं एवढं जिवाभावाचं जनावर, ती तिकडे, आणि इकडे मी, दहावी नापास, आणि ते काही खाईना.

दोन-चार दिवसांनी डोळे थोडे स्वच्छ झाले, मला वाटलं सुटलो. पण मग कात निघायला लागली ती तुकड्यातुकड्यांनी. मानेवर एक चिंधी, पाठीवर एक, शेपटीला घट्ट गुंडाळलेली, आणि डोळ्यांवर तसाच पापुद्रा. बाहेर ॲरिझोनाचं ऊन, आत दिवसभर एसी, हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. ओवीच्या पायांची सालं निघतात इथे, तिला मी रोज खोबरेल तेल लावते, चोळून, मग आंघोळ. चकलीची ती सुकलेली चिंधी बघितली आणि मला ओवीचे पाय दिसले.

मी घरी गेले आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले.

हातात रबरी मोजे घातले, तेल तळहातावर कोमट केलं, कापसाचा बोळा लांब चिमट्यात धरला आणि लांबूनच तिच्या पाठीवर फिरवला. ती हलली नाही. मग जरा जवळ गेले. तोंडाने बडबड चालूच, भीती वाटली की मी बोलत सुटते, "झालं हं, झालं, आता मऊ होईल, शहाणी माझी ती." डोक्यापासून शेपटीपर्यंत तेल लावलं. शेक द्यायला दिवा होताच वर. मी खूश होऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर काय. रात्रभर ती तेलकट अंगाने त्या काथ्याच्या भुशात फिरली होती. सगळा भुसा अंगाला चिकटला, तोंडाला, नाकाशी, कातीच्या चिंध्यांखाली. चुरा लावून तळायला ठेवलेल्या मासळीसारखी दिसत होती. तोंड उघडून उघडून श्वास घेत होती. मी तिथेच जमिनीवर बसले आणि ह्यांना फोन केला, ह्यांची सुट्टी होती.

"ओवीला घेऊन या. आत येऊ नका. बाहेर उभे राहा नुसते."

"बाहेर उभं राहून मी काय करू?"

"उभे राहा म्हटलं ना."

हे आले, खोलीबाहेर उभे राहिले ओवीला कडेवर घेऊन, मी खोलीचं दार आतून लावलं, दाराखाली टॉवेल कोंबला. आणि काकूंनी नको म्हटलं होतं तरी अन्वीला व्हिडिओ कॉल लावला. मला दुसरं काही सुचलं नाही. मेली असती तर तिला कुठल्या तोंडाने सांगणार होते.

अन्वीने फोन उचलला. मागे पलंगावर आजी उशीला टेकून बसलेल्या. मी सरळ कॅमेरा पेटीकडे केला.

ती बघत राहिली. "मावशी, व्हॉट इज दॅट ऑन हर?"

"तेल. खोबरेल. कात सुटत नव्हती, मला वाटलं..." मी रडायलाच लागले. "आणि आधी जेवायला पण दिलं, नको म्हणत होती तरी."

तिचा चेहरा पांढरा झाला. मला वाटलं आता ओरडेल. पण तिने डोळ्यांवरचे केस मागे सारले. मग म्हणाली, "आय टोल्ड यू. द आइज. पण मी इंग्लिशमध्ये सांगितलं ना. खूप फास्ट." आणि मग, "आय शुड हॅव सेड इट इन मराठी."

मागून आजी म्हणाल्या, "काय झालं गं? काय लावलं तिने?"

"कोकोनट ऑइल, आजी. सापाला."

"मग बरोबरच आहे तिचं. मी पण लावलं असतं," आजी म्हणाल्या. "पोरी, तू आधी डोळे पूस. काय करायचं ते ही सांगते. अन्वी, सांग तिला. नीट सांग, मराठीत."

मग तिने सांगितलं. शब्द अडला की आजीकडे बघायची. "मावशी, वॉटर घे, म्हणजे, हॉट नाही, आजी, मध्यलं काय?" आजी म्हणाल्या, "कोमट." "हां, कोमट. खूप थोडं. तिचं पोट बुडेल एवढंच. पसरट डबा. तो क्लॉझेटमध्ये आहे, झाकणाला होल्स आहेत." मी फोन टेबलावर उभा केला, कपाटातला डबा काढला, पाणी आणलं, मनगटावर टाकून बघितलं, ओवीच्या आंघोळीचं बघते तसं.

"आता तिला उचल."

"चिमट्याने?"

"नो नो नो. हाताने. दोन्ही हाताने. मध्ये एक आणि मागे एक. घट्ट नाही. शी नीड्स टू फील सेफ."

मी हात आत घातला आणि काढला. परत घातला. दाराबाहेरून ह्यांचा आवाज. "चावली का?"

"नाही अजून."

"मग ओरडलीस का?"

"ओरडले नाही मी."

"ओरडलीस. ओवी घाबरली."

आजींना हसू आलं, त्या खुब्याला हात लावून हसत होत्या. मी डोळे मिटले आणि उचलली. मला वाटलं होतं थंडगार, बुळबुळीत असेल. तशी नव्हती. वर तेल होतं तेवढंच, बाकी उबदार होती भुशाखाली, आणि जड, आणि आतून सगळीकडून हलत होती, पोटात बाळ फिरतं तशी. तिने माझ्या मनगटाला विळखा घातला. घट्ट. मी तशीच उभी राहिले, हात पुढे धरून. अन्वी म्हणाली, "शी इज होल्डिंग यू. पडायची भीती वाटते ना तिला."

कोमट पाण्यात तिला ठेवली, झाकण लावलं, भुसा सुटून वर तरंगायला लागला. पाणी बदललं, परत ठेवलं. तेल गेलं हळूहळू. तेवढ्या वेळात अन्वी मला सांगत होती की कात यायची असली की डोळ्यांवर दूध येतं, तेव्हा तिला दिसत नाही, ती घाबरलेली असते, तेव्हा खायला द्यायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त शेवाळाचा डबा ओला ठेवायचा. "जस्ट लेट हर बी," ती म्हणाली, मग थांबून, "म्हणजे, तिच्या मागे नाही लागायचं."

"ऐकलंस का, सुनीता?" आजी मोठ्याने म्हणाल्या, बहुतेक काकू स्वयंपाकघरात होत्या. "मागे नाही लागायचं."

मग टॉवेल. ओला करून पिळून माझ्या दोन हातांत सैल धरायचा आणि तिला त्यातून सरकू द्यायचं, तिचं तिला. आपण ओढायचं नाही. ती टॉवेलमध्ये शिरली, पुढून तोंड काढलं, आणि मागे टॉवेलमध्ये कात राहायला लागली. आधी चिंध्या निघाल्या, मग पोटाकडची एक लांब पट्टी, मोजा उलटा करून काढावा तशी. शेपटीच्या टोकाला जरा थांबली, मी बोटांनी टॉवेल नुसता दाबून धरला, आणि तेही सुटलं. आतून ती कशी निघाली काय सांगू, नवीन, चमकणारी, ठिपके जसे आत्ताच रंगवलेत.

"आइज?" अन्वी म्हणाली.

उजवा डोळा काळा, स्वच्छ. डाव्यावर पापुद्रा तसाच. मी नखाने काढते म्हटलं तर अन्वी ओरडली, "नो, मावशी, प्लीज, डोळाच निघून येईल त्याच्याबरोबर." ओल्या शेवाळाच्या डब्यात ठेवायची आणि वाट बघायची, एवढंच. पेटीत मी भुसा काढून कागद अंथरला. अन्वीने फोनच्या काचेला बोट लावलं, चकलीच्या डोक्याच्या जागी.

त्या रात्री मी ओवीला थोपटत होते आणि डोक्यात तो एकच डोळा. एवढीशी पोर सातासमुद्रापलीकडे, तिला काय फोटो पाठवू. सकाळी ह्यांनी चहा केला, मी न पिताच गेले. चकली डब्यातून बाहेर येऊन पाण्याच्या भांड्याशी बसली होती. माझ्याकडे बघितलं तिने. दोन्ही डोळ्यांनी. पापुद्रा शेवाळाला चिकटलेला सापडला, माशाच्या खवल्याएवढा.

पुढच्या वारी उंदीर दिला तेव्हा अन्वी फोनवर होती. चकलीने जरा वास घेतला, जीभ बाहेर काढली, आणि घेतला. ह्या वेळी मी पळाले नाही, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. अन्वीच्या नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

तेव्हापासून नवीन घराचं काम घेतलं की मी आधीच सांगते, मला मराठीत सांगा, आणि हळू सांगा, आणि मी मान हलवली तरी मला परत विचारा काय कळलं म्हणून. काही लोकांना हसू येतं. येऊ दे.

त्या दोघी परत आल्या. मी चावी द्यायला गेले, ओवी माझ्या कडेवर होती, म्हणून दारातच उभी राहिले. अन्वी जिना उतरून आली, चकली तिच्या खांद्यावर. उंच झाली होती पोर तेवढ्यात. म्हणाली, "मावशी, घे ना तिला. ओवीला मम्मी धरेल."

मी दोन पावलं मागे सरले. म्हटलं, "नको गं बाई. मला भीती वाटते."

"पण तू धरलं होतंस. आय सॉ यू."

"हो," मी म्हटलं. "तेव्हा तू नव्हतीस ना इथे."